खेळाला दर्जा मिळाला, कानांचे काय?

‘गेमिंग’ हा शब्द गोव्यात उच्चारला की मांडवीत नांगरलेली कॅसिनोंची जहाजे डोळ्यांसमोर येतात. चोर्ला घाट चढून बेळगावात पोहोचले की त्याच शब्दाचा अर्थ बदलतो. तेथे तो अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या वसतिगृहांचा, मोबाईलवरच्या ‘बीजीएमआय’चा आणि संगणकावरच्या ‘व्हॅलोरंट’चा शब्द आहे. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केलेल्या ऑनलाईन गेमिंग कायद्याने हे दोन अर्थ एकमेकांपासून तोडले. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाईन खेळांवर बंदी आली. ई-स्पोर्ट्सला मात्र कौशल्याची स्पर्धा म्हणून मान्यता मिळाली. तेथे प्रवेशशुल्क आणि बक्षीस चालते, पैज चालत नाही.

दर्जाची ही वाटचाल त्याआधीच सुरू झाली होती. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने बहुक्रीडा स्पर्धांतील प्रकार म्हणून ई-स्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाकडे सोपविला. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धांत त्यासाठी प्रथमच पदके ठेवण्यात आली आणि २०२६ च्या ऐची-नागोया स्पर्धांच्या कार्यक्रमातही हा प्रकार आहे. मात्र खेळ म्हटला की त्याच्या साहित्याचे निकष येतात. क्रिकेटची बॅट सव्वाचार इंचांहून रुंद असता कामा नये, हे गल्लीतल्या पोरालाही सांगता येते. ई-स्पोर्ट्सच्या साहित्यापैकी जे थेट शरीराला भिडते, त्या हेडफोनविषयी मात्र आपल्याकडे कोणी काही ठरविलेले नाही. ते ठरविण्याचे काम दुकानदाराकडे आणि खोक्यावरच्या जाहिरातीकडे गेले आहे.

सीमाभागात या विषयाला आणखी एक पदर आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये बेळगावजवळच्या काकती येथे पबजी खेळण्यावरून झालेल्या वादातून एका तरुणाने आपल्या वडिलांचा खून केला. त्या घटनेने जिल्हा हादरला. पुढे सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी आली. तिच्या जागी आलेला ‘बीजीएमआय’ २०२१ मध्ये सुरू झाला, २०२२ मध्ये रोखला गेला आणि २०२३ मध्ये परतला. या येरझाऱ्यांत पालकांच्या मनातील भीती तशीच राहिली आणि तिला कारणही होते. परिणाम असा की, मुलगा हेडफोन मागतो तेव्हा घरात चर्चा होते ती खेळावर. कोणता हेडफोन घ्यावा, हा प्रश्न चर्चेला येतच नाही. मुलगा मग मित्राच्या सांगण्यावरून किंवा चमकणाऱ्या दिव्यांकडे पाहून खरेदी करतो.

वास्तविक या खेळांत कानाचे काम अतिशय नेमके असते. प्रतिस्पर्धी भिंतीमागे असतो, दिसत नाही. त्याची पावले ऐकू येतात. ती डावीकडून की उजवीकडून, वरच्या मजल्यावरून की जिन्यातून, हे मेंदू दोन कानांतील फरकावरून ठरवितो. दूरच्या कानाला आवाज किंचित उशिरा पोहोचतो. हा उशीर एका मिलिसेकंदाहूनही कमी असतो. शिवाय तेथे तो थोडा क्षीण होतो आणि कानाच्या पाळीच्या घडणीमुळे त्याचा पोतही बदलतो. खेळ तयार करणारे हाच फरक गणिताने घडवून दोन कानांत सोडतात. म्हणून चांगला साधा स्टिरिओ हेडफोन या कामाला पुरतो.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले ‘सेव्हन पॉइंट वन सराउंड’ हे बहुतेक वेळा सॉफ्टवेअरचे काम असते. कानांशी ध्वनिक्षेपक दोनच असतात. खेळाने आधीच केलेल्या दिशेच्या गणितावर हेडसेट आपले दुसरे गणित चढवितो, तेव्हा दिशा स्पष्ट होण्याऐवजी पुसट होते. दोहोंपैकी एकच सुरू ठेवावे. पन्नास मिलिमीटरच्या ड्रायव्हरचेही तसेच. आकार मोठा म्हणून आवाज नेमका, असा काही नियम नाही. (रंगीत दिव्यांविषयी बोलायलाच नको, खेळणाऱ्याला ते दिसतही नाहीत.)

खरी मेख आहे ती ‘दमदार बेस’मध्ये. आपल्या बाजारात हेडफोन विकला जातो तो याच गुणावर, कारण दुकानात तो गाणे लावून दाखविला जातो. खर्जातील मोठा आवाज त्याहून वरच्या पट्टीतील बारीक आवाजांना झाकून टाकतो. स्फोट आणि इंजिनांची घरघर वाढते, तशी पावलांची सरसर तिच्याखाली बुडते. ती ऐकू यावी म्हणून खेळाडू आवाज वाढवितो. पावले मग ऐकू येतात, पण पुढच्या क्षणी झडणारी गोळीही त्याच वाढलेल्या आवाजात कानावर आदळते. हेडफोनची चुकीची निवड अशा रीतीने खेळ बिघडविते आणि त्याच वेळी कानही.

हे नुकसान किती, याचा अंदाज आता उपलब्ध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार प्रौढाने आठवड्याला चाळीस तास ८० डेसिबल ऐकणे सुरक्षित मानले जाते; मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबल आहे. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे प्रौढासाठी ८३ ला वीस तास, ८६ ला दहा तास आणि ९० च्या घरात जेमतेम चार तास, तेही सबंध आठवड्याचे. ‘बीएमजे पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकात जानेवारी २०२४ मध्ये नऊ देशांतील चौदा अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यांपैकी एका अभ्यासात गोळीबाराच्या चार खेळांची हेडफोनमधील सरासरी पातळी ८५ ते ९१ डेसिबलच्या दरम्यान आढळली, आणि क्षणिक आवाज ११९ डेसिबलपर्यंत गेल्याची नोंदही आढाव्यात आहे. रोज दोन-तीन तास सराव करणारा सोळा वर्षांचा मुलगा आठवड्याची मर्यादा मंगळवारपर्यंतच ओलांडतो. कानातील सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. खेळ संपल्यावर कानात येणारी शिटी ही त्याची पहिली सूचना. दुर्दैवाने तिच्याकडे थकवा म्हणून पाहिले जाते.

निपाणी किंवा बेळगावच्या एखाद्या सामान्य घरात याला भोवतालच्या गोंगाटाची जोड मिळते. एकच खोली, त्यात दूरचित्रवाणी, स्वयंपाकघरातील मिक्सर, बाहेर रहदारी. अशा ठिकाणी मागून उघडे असणारे हेडफोन, जे शांत खोलीत उत्तम ठरतात, निरुपयोगी होतात, कारण बाहेरचा आवाज दाबण्यासाठी आतला वाढवावा लागतो. कान पूर्ण झाकणारा बंद हेडफोन किंवा कानात घट्ट बसणारा तारेचा इयरफोन येथे अधिक योग्य. बाहेरचा आवाज जितका अडेल, तितका आतला कमी पुरतो. मोठ्या स्पर्धांच्या सभागृहांत व्यावसायिक खेळाडू आत इयरफोन आणि त्यावर हेडसेट घालतात, ते प्रेक्षकांचा गलका अडविण्यासाठी.

तारेचा आग्रह जुनाट वाटेल, पण त्याला कारण आहे. साध्या ब्लूटूथ इयरबड्समध्ये आवाज अनेकदा दीडशे ते दोनशे मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. ‘गेमिंग मोड’ हा उशीर कमी करतो, संपवीत नाही. त्याहून मोठी अडचण माईकची. जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथवर माईक सुरू होताच जोडणी फोनकॉलच्या पद्धतीवर उतरते आणि दोन्ही कानांत एकच सपाट आवाज येऊ लागतो. दिशा गेली, म्हणजे ज्यासाठी हेडफोन घेतला तेच गेले. स्वतंत्र यूएसबी जोडणीचे बिनतारी हेडसेट या दोषातून बऱ्याच अंशी मुक्त आहेत, पण ते महाग. मोबाईलला गोल जॅक नसेल तर टाईप-सीचे जोडयंत्र किंवा त्याच प्रकारचा तारेचा इयरफोन चालतो. मोबाईलसाठी सोळा ते बत्तीस ओहमचा संच पुरेसा. स्टुडिओतला अडीचशे ओहमचा हेडफोन फोनवर कुजबुजल्यासारखा वाजतो.

माईकची गोष्ट सीमाभागात विशेष महत्त्वाची. येथील चौघांच्या संघात मराठी, कन्नड आणि हिंदी बोलणारे एकत्र असणे स्वाभाविक आहे. रस्त्यावरच्या फलकाची भाषा येथे आजही वादाचा विषय आहे. खेळात मात्र ‘डावीकडे’ म्हणावे की ‘एडक्के’, याला महत्त्व नाही. ते अर्ध्या सेकंदात स्पष्ट ऐकू आले पाहिजे, इतकेच. स्वस्त माईकमध्ये वरच्या पट्टीतील ध्वनी गळतात. ‘स’ आणि ‘फ’ यांतील भेद नाहीसा होतो. मग शब्द पुन्हा उच्चारावा लागतो आणि तोवर डाव संपलेला असतो. तोंडाजवळ वळविता येणारा माईक दांडीवर असेल, तर हा त्रास पुष्कळ कमी होतो.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी व्हिडिओ गेम व ई-स्पोर्ट्ससाठी सुरक्षित श्रवणाचे जागतिक मानक आता तयार केले आहे. संभाषण, संगीत, गोळीबार यांचे आवाज वेगवेगळे कमी-जास्त करता यावेत, अशी सोय त्यात सुचविलेली आहे. मानक ऐच्छिक आहे, म्हणजे कंपनीने पाळले तर पाळले. कर्नाटकाने ॲनिमेशन आणि गेमिंग उद्योगासाठी २०२४ ते २०२९ चे धोरण आखले. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालयही बेळगावातच आहे. तरुणांना या क्षेत्रात आणू पाहणाऱ्या राज्याने आणि विद्यापीठाने महाविद्यालयीन स्पर्धांसाठी दोन-तीन साध्या अटी घालणे अवघड नाही. सर्व संघांना सारखे तारेचे हेडसेट, आवाजाची ठरलेली कमाल पातळी आणि समालोचनाचे भोंगे खेळाडूंच्या टेबलांपासून दूर. सध्या अनेकदा उलटे घडते. आयोजक भोंगे खेळाडूंच्या डोक्यावर लावतात, आणि ज्याच्या घरची ऐपत अधिक त्याचा हेडफोन सरस ठरतो.

तोवर निवड घरातच व्हायची आहे. पाचशे-सातशे रुपयांचा तारेचा, कानात नीट बसणारा इयरफोन तीन हजारांच्या चमकत्या हेडसेटहून बरा ठरू शकतो. दुकानात तो गाण्यावर नव्हे, तर खेळाच्या चित्रफितीवर, डोळे मिटून पावलांची दिशा ओळखत तपासावा. फोनच्या सेटिंगमध्ये आवाजाची मर्यादा घालण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते. पालकाने तो इयरफोन एकदा स्वतःच्या कानात घालून एक डाव ऐकला, तर मुलगा नेमका किती आवाजात खेळतो हे त्यालाही कळेल.