समुद्रकाठचा बंगला आणि कापूसवाल्यांची जमीन



अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलायना राज्यात हिल्टन हेड नावाचे बेट आहे. घरे विकणारे दलाल त्याचे गुणगान गातात. उबदार हवा, बारा मैलांचा वाळूचा किनारा, गोल्फची मैदाने, दारात अटलांटिक महासागर. समुद्रासमोरच्या बंगल्याला कोट्यवधी रुपये पडतात. ज्याच्याजवळ पैसा आहे त्याने घर घ्यावे, आपल्या पोटात दुखण्याचे कारण नाही. पण बंगल्याखालची जमीन कोणाची होती आणि ती कशी सुटली, हे जाहिरातीत छापत नाहीत. आपण ते जाणून घेतले पाहिजे, कारण ती जमीन कापसाची आहे.

१७९० मध्ये याच बेटावर विल्यम इलियट या मळेवाल्याने दक्षिण कॅरोलायनातले 'सी आयलंड' कापसाचे पहिले यशस्वी पीक काढले. धागा लांब, रेशमासारखा. भाव साध्या कापसाच्या कितीतरी वर. घाम मात्र आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांचा. नोव्हेंबर १८६१ मध्ये यादवी युद्धात उत्तरेचे आरमार आले आणि मालक पळाले. त्यांनी कर भरला नाही म्हणून सरकारने जमिनी जप्त करून विकल्या. त्यातले काही तुकडे सुटलेल्या गुलामांनी मजुरीतून पैसे साठवून घेतले. जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मनने किनाऱ्यावरची जमीन कुटुंबामागे ४० एकरांपर्यंत देण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी अध्यक्ष जॉन्सन यांनी तो फिरवला. सरकारने देऊ केलेली गेली, विकत घेतलेली राहिली.

या माणसांच्या वंशजांना गुल्ला म्हणतात. १९२० च्या सुमारास बोंडात सोंड खुपसणारा भुंगा आला. आपली बोंडअळी नव्हे, ही वेगळी कीड. सी आयलंड कापूस उशिरा पिकणारा, म्हणून तो आधी गेला. तरीही भाजीपाला आणि मासेमारीवर लोक टिकले. भुंग्याने पीक खाल्ले, जमीन खाल्ली नाही.

जमीन पुढे खाल्ली ती कागदाने. १९५६ मध्ये बेटाला पूल झाला. चार्ल्स फ्रेझर या बिल्डरने 'सी पाइन्स' वसाहत उभी केली. ज्या जमिनीला कोणी विचारत नव्हते तिला सोन्याचा भाव आला. भाव वाढला तसा कर वाढला, आणि कर थकला की लिलाव!

दुसरा सापळा वारसाचा. गुल्ला कुटुंबांत मृत्युपत्र करण्याची रीत फारशी नव्हती. आजोबा गेले की जमीन सगळ्या वारसांची सामाईक. तीन पिढ्यांत पन्नास-पन्नास हिस्सेदार. एखादा हिस्सेदार दूर शहरात, त्याने बेट पाहिलेलेही नाही. जमीन हेरणारा त्याच्याकडून एवढासा हिस्सा विकत घेतो आणि कोर्टात वाटप मागतो. कोर्ट म्हणते, इतके तुकडे पाडता येत नाहीत, सगळी जमीन विका. कसणाऱ्याजवळ बोली लावायला रोकड नाही, आणि नाव साफ नसल्यामुळे बँक कर्ज देत नाही. किनाऱ्यावरच्या कितीतरी कुटुंबांची जमीन अशी गेली.

काही शहाणे म्हणतील, हा खुला बाजार आहे, तक्रार कसली? शेतकऱ्याला जमीन विकण्याची मोकळीक हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण मोकळीक म्हणजे नाही म्हणण्याचीही मोकळीक. जिथे एका हिस्सेदाराच्या सहीवर बाकीच्यांची जमीन विकली जाते, तिथे बाजार कसला? ती कायद्याच्या आडून केलेली लूट आहे. हे तिथल्या सरकारलाही उशिरा का होईना उमगले. २०१६ मध्ये राज्याने कायदा केला आणि १ जानेवारी २०१७ पासून तो लागू झाला. आता वाटप मागणाऱ्याचा हिस्सा ठरवलेल्या किमतीला विकत घेण्याची पहिली संधी घरच्या हिस्सेदारांना मिळते. पण जी गेली ती परत कोण देणार?

आणि बंगलेवाला तरी कुठे पूर्णपणे बाजारावर जगतो? पुराचा विमा अमेरिकेत १९६८ पासून सरकार चालवते; एका घराला अडीच लाख डॉलरपर्यंत संरक्षण. वादळांच्या भरपाईने ही योजना कर्जात बुडाली, तेव्हा २०१७ मध्ये तिथल्या संसदेने तिचे १६ अब्ज डॉलरचे कर्ज माफ केले. या योजनेत साधी घरेही आहेत, हे खरे. पण समुद्राच्या तोंडावर बांधणाऱ्याला तेव्हा 'सवय लागेल' असे कोणी सुनावले नाही.

हिल्टन हेडवरच्या अनेक वसाहतींना 'प्लँटेशन' हे गुलामीच्या काळातल्या मळ्याचे नाव मिरवत दिले गेले. गुल्लांची काही स्मशाने आज फाटकांच्या आत आहेत. आपल्याच आजोबांच्या थडग्यापाशी जायला त्यांना पहारेकऱ्याला सांगून जावे लागते.

भावांनो, आपल्या गावाला समुद्र नाही. पण उद्या रस्ता येईल, कारखाना येईल, आणि मुरमाड रानालाही भाव फुटेल. त्या दिवशी सातबाऱ्यावर नाव कोणाचे असेल? वीस वर्षांपूर्वी वारलेल्या आजोबांचे? मग तुमच्याआधी तुमचा कागद विकला जाईल. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने ताजा सातबारा काढून आणावा. मेलेल्या माणसाचे नाव असेल तर त्याच आठवड्यात तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. बहिणींची नावे वगळू नका. लपवलेला वारसच उद्या दलालाच्या हाती सापडतो.