पार्ल्यातलं मंदिर आणि आपण
16 एप्रिल 2025 ला पालिकेने विलेपार्ले पूर्वेतलं जैन मंदिर पाडलं. मोर्चा निघाला, वॉर्ड अधिकाऱ्याची बदली झाली. मी पार्ल्यातच राहतो. मनात पहिला विचार आला, ही आपली मशीद असती तर? मग लाज वाटली. शेजाऱ्याच्या दुःखात मी माझा हिशोब मांडत होतो.

7 मार्च 2022 ला 227 नगरसेवकांची मुदत संपली. 2025-26 चं 74,427 कोटींचं बजेटही प्रशासकानेच मांडलं होतं. विचारणारा कोणी नसला की उरतो रस्ता किंवा कोर्ट, आणि रस्त्यावर गर्दी मोठी त्याचंच चालतं. म्हणून दोस्तांनो, नोटीस, सुनावणी, मुदत सगळ्यांना सारखी, हीच आपली मागणी हवी.

जानेवारी 2026 मध्ये मतदान झालं. आता नगरसेवकाकडे फक्त कब्रस्तानासाठी नको, शेजाऱ्याच्या तुंबलेल्या गटारासाठीही जा.