वाघाचा खंड कोणाच्या पदरात?

वार्षिक परीक्षांची वेळापत्रके फलकावर लागली की शिक्षकांच्या खोलीत आणि कचेऱ्यांच्या मधल्या सुट्टीत उन्हाळ्याच्या प्रवासाचे बेत शिजू लागतात. रजा प्रवास सवलतीचा हिशेब मांडला जातो, आगगाडीच्या आरक्षणाची चौकशी होते, आणि महाबळेश्वर-माथेरानच्या जोडीला अलीकडे एक नाव हटकून ऐकू येते ते चंद्रपूरचे. मे महिन्यात ज्या शहराचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, ज्याचे नाव उर्वरित महाराष्ट्राला एरवी उष्णतेच्या बातम्यांतूनच परिचित आहे, त्या शहराकडे माणसे ऐन वैशाखात हौसेने निघावीत ही वरवर पाहता विपरीत गोष्ट आहे. परंतु तिचे कारण उघड आहे. उन्हाळ्यात ताडोबाच्या जंगलातील पाणी आटते, उरलेल्या पाणवठ्यांवर जनावरे येतात, पानगळ झालेली असल्यामुळे दूरवर दिसते, आणि वाघ नजरेस पडण्याचा संभव वाढतो. हवामान जितके असह्य, तितकी मागणी अधिक, असा हा दुर्मीळ बाजार आहे.

बाजार हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. ताडोबा हे राज्यातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. १९५५ साली ते स्थापन झाले; १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य घोषित झाले; आणि १९९५ मध्ये दोहोंचा मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. त्याचे गाभा क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटर, आणि भोवतालचे बफर क्षेत्र सुमारे अकराशे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाभा क्षेत्रातील पर्यटनावर काही महिने बंदी घातली होती. ती उठली तेव्हा आलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी गाभ्याच्या २० टक्क्यांहून अधिक भागात पर्यटन होऊ नये, असे ठरवून दिले. म्हणजे आत जाणाऱ्या वाहनांची संख्या बांधलेली, एका जिप्सीत सहा पर्यटक, सकाळ-दुपार दोन फेऱ्या, मंगळवारी सुट्टी. मागणी कितीही वाढो, पुरवठा हलत नाही. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते की असा ताठर पुरवठा असला म्हणजे तेथे खंड निर्माण होतो.

रिकार्डोने १८१७ साली जमिनीच्या खंडाची उपपत्ती मांडली ती अशी, की जमीनमालकाला मिळणारा खंड हा त्याच्या श्रमांचा मोबदला नसतो. सुपीक जमीन थोडी आहे आणि ती हवी असणारे पुष्कळ आहेत, एवढ्यानेच तो त्याच्या पदरात पडतो. वाघाच्या बाबतीतही हेच घडते. वाघ कोणी निर्माण केलेला नाही. तो पाहण्यासाठी माणसे जे द्यावयास तयार होतात, त्यातील मोठा वाटा हा शुद्ध टंचाईचा खंड आहे. तो जातो कोणाकडे, हा प्रश्न आपल्याकडे पुरेशा गांभीर्याने विचारला जात नाही.

त्याचा काही भाग योग्य ठिकाणी जातो, हे प्रथम मान्य केले पाहिजे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००६ साली झालेल्या दुरुस्तीनंतर व्याघ्र प्रकल्पांसाठी संवर्धन प्रतिष्ठाने निर्माण झाली, आणि प्रवेश शुल्काचे उत्पन्न सरकारी तिजोरीत न बुडता त्या त्या प्रकल्पाच्या प्रतिष्ठानाकडे राहू लागले. मोहर्ली, कोलारा, नवेगाव या दारांवर वाहन चालविणारे, वाट दाखविणारे बहुतेक जण आसपासच्या गावांतलेच आहेत. त्यांत स्त्रियाही आहेत. बफरमधील गावांतल्या शाळकरी मुलांना जंगल दाखविण्याचा उपक्रमही प्रकल्पाच्या व्यवस्थापनाने चालविला आहे. पर्यटन म्हणजे केवळ श्रीमंतांची चैन, असा जो सूर काही मंडळी लावतात, तो प्रस्तुत लेखकाला मान्य नाही. ज्या तरुणाला पूर्वी पावसाळ्यानंतर मजुरीसाठी गाव सोडावे लागे, तो आज दाराशी काम मिळवितो, हा फरक लहान नव्हे.

परंतु शुल्क हा खंडाचा लहानसा भाग आहे. मोठा भाग दाराबाहेर गोळा होतो: विश्रामगृहांच्या खोल्यांच्या भाड्यात, हंगामातील चढ्या दरांत, मध्यस्थांच्या कमिशनात, आणि सर्वांत अधिक, दारांजवळच्या जमिनीच्या किमतीत. ज्या शेतकऱ्याने धानाचे कोरडवाहू शेत म्हणून आपली जमीन वेळीच विकली, त्याला त्या शेताची किंमत मिळाली. वाघाची मिळाली नाही. ती पुढच्या मालकाला मिळाली. या मालकाने वाघासाठी काय केले, असे विचारले तर उत्तर देणे अवघड जाईल.

आता दुसरी बाजू पाहू. पर्यटकांचा जो हंगाम, तोच तेंदूपानांचा हंगाम. एप्रिलच्या उत्तरार्धापासून मे महिन्यात दोन-तीन आठवडे पूर्व विदर्भातील हजारो कुटुंबे पहाटेच्या अंधारात जंगलात शिरतात. सत्तर पानांचा एक पुडा. दिवसाला शंभर पुडे बांधावयाचे म्हणजे सात हजार पाने एकेक करून खुडावयाची, घरी आणून जुळवावयाची, बांधावयाची आणि दिवस मावळण्याच्या आत फळीवर पोचवावयाची. त्याआधी मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचण्याचे दिवस असतात. मोह वेचणारी बाई खाली वाकलेली असते, तेंदू खुडणारी झुडपात बसलेली असते. वाघाच्या नजरेला दोघीही माणसाच्या उंचीच्या दिसत नाहीत, असे जंगलातले जाणते लोक सांगतात.

मोहर्लीच्या रस्त्यावर एप्रिल अखेरच्या एका सकाळी हे दृश्य पाहिल्याचे आठवते. उघड्या जिप्सींची रांग दाराच्या दिशेने चालली होती. आत टोप्या, दुर्बिणी, पाण्याच्या बाटल्या. रस्त्याच्या कडेने डोक्याला फडके गुंडाळलेल्या आठ-दहा बाया जंगलाकडे वळत होत्या. दोन्ही मंडळी एकाच जनावराच्या मुलखात चालली होती. एका मंडळीने ते दिसावे म्हणून पैसे भरले होते, दुसरीची प्रार्थना ते दिसू नये एवढीच असणार.

२०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने आणावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. चंद्रपूर जिल्ह्यात असे मृत्यू दरवर्षी होतात, आणि त्यांची बातमी जिल्ह्याच्या पानावर येऊन तेथेच राहते. महाराष्ट्रातील वाघांची संख्या २०१४ च्या गणनेत १९० होती, २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ मध्ये ४४४ झाली. ही संवर्धनाची कामगिरी निःसंशय मोठी आहे. परंतु वाढलेले वाघ प्रकल्पाच्या सीमारेषेत मावत नाहीत. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड, सावली, मूल या तालुक्यांतील जंगल बरेचसे प्रकल्पाबाहेरचे आहे. तेथे शेत आणि रान यांच्यामध्ये बांधाएवढेच अंतर असते. या गावांना पर्यटनाचे दार नाही, विश्रामगृहे नाहीत, जिप्सीची फेरी नाही. जोखीम एका तालुक्यात आणि उत्पन्न दुसऱ्या तालुक्यात, अशी ही भूगोलाने केलेली विषम वाटणी आहे.

मृत्यू झाल्यास वारसांना राज्य शासन २५ लाख रुपये देते. रक्कम वाढत वाढत येथवर आली, आणि ती वाढली हे योग्यच झाले. पण यातील तर्क तपासून पाहण्याजोगा आहे. माणूस मेल्यावर शासन २५ लाख खर्च करावयास सिद्ध असते; तो मरू नये म्हणून त्या दोन-तीन आठवड्यांत त्याला जंगलाबाहेर थांबविण्यासाठी मात्र काही देत नाही. वन विभाग आवाहन करतो, गटाने जा, पहाटे जाऊ नका, अमुक भागात वाघीण पिलांसह आहे तेथे जाऊ नका. आवाहन चुकीचे नाही. पण फळीवर पुडे मोजले जातात, आवाहने मोजली जात नाहीत. ज्या घरात खरिपाचे बियाणे आणि मुलांची पुस्तके या तीन आठवड्यांच्या पैशांवर अवलंबून आहेत, त्या घरातील बाई सूचना ऐकून घरी थांबेल, ही अपेक्षा पगारी माणसाची आहे.

येथे खंडाचा पैसा उपयोगी पडू शकतो. ज्या वनखंडात वाघाचा वावर धोक्याचा आहे असे वन विभागाला वाटते, तो तेंदूच्या हंगामापुरता बंद करावा, आणि तेथे पूर्वी संकलन करणाऱ्या कुटुंबांना त्यांच्या मागील वर्षांच्या पुड्यांच्या सरासरीइतकी रक्कम घरबसल्या द्यावी. किती पुडे कोणी दिले याच्या नोंदी फळीवर असतातच. नवी पाहणी नको. यासाठी लागणारा पैसा दारांभोवतीच्या विश्रामगृहांच्या खोल्यांवर उन्हाळ्याच्या महिन्यांत एक अधिभार बसवून उभा करावा, आणि तो केवळ बफरमधल्या गावांना न देता प्रकल्पाबाहेरच्या तालुक्यांनाही द्यावा. अधिभाराने पर्यटक कमी होतील अशी भीती घातली जाईल. ती निराधार आहे. पुरवठा ताठर आणि मागणी उतू जाणारी असताना खंडावर बसविलेला कर हा खंड घेणाराच सोसतो. शास्त्रात ज्यावर फारसा वाद नाही अशा मोजक्या गोष्टींपैकी ही एक आहे. अडचण दुसरीकडे आहे. बंद केलेल्या वनखंडात चोरून जाणारे राहतीलच, आणि कोणता वनखंड बंद करावयाचा हे ठरविताना गावागावांत ओढाताण होईल. ग्रामसभेला यात घेतल्याशिवाय हे होणार नाही, आणि ग्रामसभेला घेतले तर उशीर होईल, हेही दिसते. तरीही तीन स्त्रियांच्या वारसांना दिलेल्या पंचाहत्तर लाखांत किती कुटुंबांची तीन आठवड्यांची भरपाई झाली असती, हा हिशेब कोणीतरी एकदा मांडावयास हवा.

आता प्रवासाच्या बेताविषयी. बहुतेक पर्यटक नागपूरहून सुमारे दीडशे किलोमीटर मोटारीने येतात, थेट दाराशी उतरतात आणि चंद्रपूर शहर पाहतच नाहीत. हे शहर इरई आणि झरपट या दोन नद्यांच्या काठचे, गोंड राजांनी वसविलेले. अकरा किलोमीटरच्या आसपासचा परकोट, त्याचे जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर हे चार दरवाजे, वीरशहाची समाधी, राणी हिराईने बांधलेले महाकालीचे देऊळ, एवढे ऐश्वर्य असलेली शहरे विदर्भात थोडी. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी हा किल्ला घेतला. त्या उन्हात वेढा घालणाऱ्यांच्या चिकाटीचे आश्चर्य वाटते. परकोटावर माजलेले रान काढण्याचे काम इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनी २०१७ पासून हाती घेतले, नाहीतर तो झुडपांतच गेला असता.

आणि एप्रिलमध्ये येणाऱ्याने चैत्रातली महाकालीची यात्रा टाळू नये. मराठवाड्यातून, विशेषतः नांदेडकडून, तसेच तेलंगणातून लाखो गरीब भाविक येतात, झरपटेत स्नान करून देवीला जातात. पर्यटनाच्या कोणत्याही जाहिरातीत ही यात्रा नाही, पण उन्हाळ्यात या शहरात सर्वाधिक माणसे येतात ती हिच्यासाठी. ज्या झरपटेत ते स्नान करतात ती सांडपाण्याने आणि जलपर्णीने कोंडलेली आहे. इरईची कथा निराळी नाही. ताडोबाच्या कुशीला लागून तिचे धरण आहे. तेच पाणी शहर पिते आणि त्याच पाण्यावर २९२० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र चालते. पुढे तिच्या काठाला कोळशाच्या खाणींतून उपसलेल्या मातीचे ढिगारे आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक क्षेत्रांचा जो प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात चंद्रपूर ८३.८८ गुणांनी चौथ्या क्रमांकावर होते. पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यातील वातानुकूलन यंत्र ज्या विजेवर चालते तिच्यात या नदीचा वाटा आहे, आणि तो वीजबिलात कोठेही दिसत नाही.

तेव्हा बेत करणाऱ्याने दोन रात्री शहरात काढाव्यात. तेथील खानावळीत जेवावे, संध्याकाळी ऊन उतरल्यावर अंचलेश्वर दरवाज्यापासून झरपटेपर्यंत पायी जावे. मे ऐवजी एप्रिलचा पूर्वार्ध निवडावा. वाघ दिसण्याची शक्यता थोडी कमी होईल, पण मुले आजारी पडणार नाहीत. गाभ्यातील जागा मिळाली नाही तर आगरझरी, देवाडा, जुनोना अशा बफरच्या दारांनी जावे. तेथेही वाघ असतात. ताडोबा तलावाच्या काठी तारू या गोंड पुरुषाचे ठाणे आहे. तो वाघाशी झुंजताना मेला असे सांगतात आणि त्याच्याच नावावरून जंगलाला नाव पडले असे मानतात. पौषात तेथे आदिवासींची जत्रा भरते. वाहन चालविणारा तरुण तेथे हात जोडतो. त्याला विचारले, तर गेल्या तेंदूत त्याच्या गावातले कोण कोण जंगलात गेले होते आणि फळीवर काय दर मिळाला, हे तो सांगतो.