मत बदलण्याचें धैर्य

एकदां मांडलेलें मत चुकीचें ठरलें असतां तें सोडून देणें म्हणजे विद्वत्तेस कमीपणा आणणें, असा समज आपल्या समाजांत फार खोल रुजलेला आहे. शिक्षकास वाटतें कीं, वर्गापुढें शब्द फिरविला तर आपला दरारा जाईल. विद्यार्थ्यास वाटतें कीं, खोडलेलें उत्तर ही अपयशाची खूण आहे. हा समज किती निराधार आहे, हें डेव्हिड पिल्बीम या शास्त्रज्ञाच्या चरित्रावरून स्पष्ट दिसतें.

या हकीकतीचा आरंभ आपल्याच देशांत होतो. हिमाचल प्रदेशांतील हरितल्यांगर गांवाजवळ शिवालिक टेंकड्यांच्या थरांत, १९३२ मध्यें, अमेरिकेंतील येल विद्यापीठाचे जी. एडवर्ड लुइस यांस वरच्या जबड्याचा एक अश्मीभूत तुकडा सांपडला. १९३४ मध्यें त्यांनीं त्या प्राण्यास रामाच्या नांवावरून 'रामापिथेकस' असें नांव दिलें. जबडा आंखूड व सुळ्याची जागा लहान, यावरून हा प्राणी मनुष्यवंशाच्या निकटचा असावा, असें त्यांचें अनुमान होतें. त्या वेळीं तें फारसें मान्य झालें नाहीं. १९६१ मध्यें येलचेच एल्विन सायमन्स यांनीं तें पुनः हिरिरीनें मांडलें, आणि केंब्रिजहून त्यांच्याकडे आलेले तरुण पिल्बीम त्यांस मिळाले. सुमारें १ कोटी ४० लक्ष वर्षांपूर्वींच मनुष्याची शाखा वानरांहून निराळी झाली होती, हें या गुरुशिष्यांचें मत लवकरच पाठ्यपुस्तकांत जाऊन बसलें.

परंतु या इमारतीचा पाया केवढा? जबड्यांचे व दांतांचे मूठभर तुकडे! जबड्याचा मधला भाग हातीं नसल्यामुळें, दंतपंक्ति मनुष्याप्रमाणें कमानदार होती हें चित्र बरेंचसें तर्कानें पुरें केलेलें होतें. इतक्यांत १९६७ मध्यें बर्कले येथील व्हिन्सेंट सारिच व अॅलन विल्सन यांनीं मनुष्य व वानर यांच्या रक्तांतील अल्ब्युमिन नामक प्रथिनाची तुलना केली, आणि मनुष्य व आफ्रिकेंतील वानर हे अवघ्या ५० लक्ष वर्षांपूर्वीं विभक्त झाले, असें प्रतिपादन केलें. अस्थींच्या अभ्यासकांस हें रुचलें नाहीं. पिल्बीमही आरंभीं त्यास अनुकूल नव्हते.

तथापि ते नुसता वाद घालीत बसले नाहींत. १९७३ पासून त्यांनीं पाकिस्तानांतील पोटवार पठारावर, तेथील भूगर्भशास्त्र-खात्याच्या सहकार्यानें, नवा पुरावा शोधण्याचें कार्य चालविलें. १९७६ मध्यें रामापिथेकसचा बहुतेक पूर्ण असा खालचा जबडा मिळाला. त्याचा आकार मनुष्याच्या जबड्यासारखा नसून इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा होता. पुढें त्याच्या निकटच्या 'शिवापिथेकस' या प्राण्याच्या चेहऱ्याचा मोठा भाग सांपडला. त्याचें वर्णन पिल्बीम यांनीं १९८२ मध्यें 'नेचर' पत्रांत प्रसिद्ध केलें. डोळ्यांच्या उभट व एकमेकींजवळच्या खोबणी पाहतां, तो चेहरा मनुष्याच्या पूर्वजाचा नव्हे, तर ओरांगउटानच्या आप्ताचा दिसत होता. रामापिथेकस हा शिवापिथेकसहून निराळा मानण्यास आधार उरला नाहीं. पिल्बीम यांनीं आपलें जुनें मत उघडपणें सोडून दिलें. ज्या मतानें त्यांस कीर्ति मिळाली, त्याचें खंडन त्यांनीं स्वतः जमविलेल्या पुराव्यानेंच झालें, हें येथें विशेष ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

यावर आपल्यांतील कांहीं श्रद्धाळू मंडळी म्हणतील, "पाहा, शास्त्रज्ञ आज एक सांगतात, उद्यां दुसरें, तेव्हां उत्क्रांतीचें सर्वच शास्त्र पोकळ!" हा युक्तिवाद मला मान्य नाहीं. पिल्बीम यांनीं मनुष्याच्या वंशावळींतून एक नांव काढलें. वंशावळ फाडून टाकली नाहीं. उलट, रक्ताची साक्ष आणि दगडाची साक्ष जुळूं लागल्यामुळें तें शास्त्र अधिकच बळकट झालें. शिवाय ख्रिस्ती मनुष्यानें तर दुसऱ्याच्या अशा माघारीचा उपहास करूंच नये. पश्चात्ताप म्हणजे नुसती हळहळ नव्हे, तर मन फिरविणें होय, असें आपण उपासनेंत वारंवार ऐकतों. जें मंदिरांत सद्गुण, तेंच प्रयोगशाळेंत दुर्बलता कसें ठरेल? सत्य हें देवाचें आहे अशी ज्याची श्रद्धा आहे, त्यास नव्या पुराव्याचें भय बाळगण्याचें कारण नाहीं.

माघार घेतल्यानें पिल्बीम यांची पत गेली काय? मुळींच नाहीं. २००२ मध्यें आफ्रिकेंतील चाड देशांत सांपडलेल्या, सुमारें ७० लक्ष वर्षांपूर्वींच्या कवटीचें वर्णन प्रसिद्ध झालें, तेव्हां त्या निबंधाच्या लेखकांत त्यांचेंही नांव होतें. ज्यानें आपली चूक लपविली नाहीं, त्याच्या साक्षीस अधिकच मोल येतें.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांस एक विनंति आहे. वहींतील चुकलेलें उत्तर ब्लेडनें खरवडून काढूं नका. त्यावर एक सरळ रेघ मारा व खालीं बरोबर उत्तर लिहा. आणि शिक्षकबंधूंनो, ती रेघ पाहून गुण कापूं नका. तेथें कोणीतरी विचार केला आहे, असें समजा.