वाटीचे माप, वजनाचा हिशेब

मराठी स्वयंपाकघरातील बहुतेक पाककृती वाटीच्या भाषेत सांगितल्या जातात. ही भाषा जुनी आहे. धान्याची मापेही पूर्वी भांड्यांचीच होती : दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. १९५६ च्या कायद्याने देशाने मेट्रिक पद्धत स्वीकारली; बाजारात किलो रूढ झाला, स्वयंपाकघरात मात्र वाटी राहिली. घरापुरती ती पुरेशीही आहे. सारे जिन्नस एकाच हाताने, एकाच वाटीने मोजले की प्रमाण सहसा बिघडत नाही.

प्रश्न उभा राहतो तो तोच पदार्थ विक्रीसाठी केला जाऊ लागला म्हणजे. दिवाळीचा फराळ करणारी गृहिणी किंवा महिला बचत गट मैदा, साखर, तूप किलोने विकत घेतो, वाटीने वापरतो आणि शंकरपाळे पुन्हा किलोने विकतो. दोन्ही टोकांना वजन आणि मधे वाटी, अशी ही व्यवस्था. हिशेबाची साखळी नेमकी तेथेच तुटते.

कारण आकारमान आणि वजन यांचे नाते प्रत्येक जिनसाचे निराळे असते. २४० मिलिलिटरच्या कपात पाणी २४० ग्रॅम मावते. साखर सुमारे २०० ग्रॅम, तेल सुमारे २२० ग्रॅम, तर मध ३४० ग्रॅमच्या आसपास. मैद्याचे वजन तर भरणाऱ्याच्या हातावर ठरते. चमच्याने अलगद भरला तर १२० ग्रॅम, दाबून भरला तर १५० ग्रॅम किंवा त्याहूनही अधिक. समजा, मोठ्या मागणीसाठी असे शंभर कप मैदा लागला. एका हाताने तो बारा किलो होईल, दुसऱ्या हाताने पंधरा. तीन किलो मैद्याची किंमत फार नसेलही. परंतु तूप व साखर तेवढीच राहिल्याने शंकरपाळ्यांचा खुसखुशीतपणा जातो आणि त्यासोबत ग्राहकही.

‘अनुभवी हाताला तराजू कशाला?’ असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. कणकेला पाणी किती लागेल हे पीठच सांगते. चिमूटभर हिंग किंवा वेलचीपूड घरगुती काट्यावर नीट मोजलीही जात नाही, तेथे चमचाच बरा. परंतु अनुभवी हात एकच असतो. गटातील दहा हातांना तो अंदाज उसना देता येत नाही. वजन मात्र कागदावर लिहून देता येते.

त्यासाठी छापील तक्त्यांवर विसंबण्याची गरज नाही, कारण घरोघरची वाटी वेगळी असते. रिकामी वाटी काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणावा, नेहमीच्या पद्धतीने जिन्नस भरावा, असे तीनदा करून सरासरी वहीत नोंदवावी. चार-पाच मुख्य जिनसांसाठी हे काम तासाभराचे आहे. त्यानंतर वाटी बाजूला ठेवून वहीतील ग्रॅमनेच पदार्थ करावा. एक दक्षता मात्र हवी : हा काटा स्वयंपाकापुरता. ग्राहकाला माल तोलून देताना वैध मापन विभागाने पडताळून मुद्रांकित केलेलाच काटा वापरला पाहिजे, आणि पाकिटावर निव्वळ वजन छापणेही आवश्यक आहे.

ही वही कर्जाच्या अर्जासोबतही उपयोगी पडते. २०१५ पासूनच्या मुद्रा योजनेत अशा छोट्या व्यवसायांना तारणाविना कर्ज मिळू शकते. परंतु एक किलो शंकरपाळ्यांना कच्चा माल किती रुपयांचा लागतो, हे अर्जदारालाच ठाऊक नसेल तर नफ्याचे आकडे कशाच्या आधारे मांडावयाचे?

अंदाजाने ठरवलेल्या किमतीत मैदा, साखर, तूप यांचे पैसे कसेबसे वसूल होतात. जे वसूल होत नाही ते असते करणारीच्या श्रमांचे मोल. तूट कोठे पडली हे कळत नसल्याने ती नेहमी तिच्याच मजुरीतून भरून निघते. स्वयंपाकघरात तराजू यावयास हवा तो यासाठी.