टॅब्लेटचे सॉफ्टवेअर आणि उधारीची वही

आमच्या ओळखीच्या एका कापड व्यापाऱ्याचा टॅब्लेट ईदच्या ऐन हंगामात बंद पडला. अपडेट अर्धवट राहिला आणि मग पडद्यावर कंपनीचे नाव येई, जाई, पुन्हा येई. त्यापुढे गाडी सरकेना. बाजारातल्या एका दुकानात दिला, तासाभरात चालू होऊन आला. पैसे लागले तीनशे. टॅब्लेट अगदी नव्यासारखा झाला होता, आणि घोटाळा नेमका तिथेच होता. आत दीड वर्षाची उधारी होती, ती गेली. विचारायला गेल्यावर उत्तर मिळाले, "भाई, सॉफ्टवेअर मारले की डाटा जातोच."

जातोच, हे खरे नाही. आमचा सारा वाद या एका शब्दाशी आहे.

टॅब्लेट चालवणारे मूळ सॉफ्टवेअर, ज्याला फर्मवेअर म्हणतात, आणि मालकाचा मजकूर हे आत वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. एक कप्पा बिघडला म्हणून दुसरा रिकामा करायलाच हवा असे नाही. सॅमसंगचे उदाहरण घ्या. त्याचे काम विंडोजच्या कॉम्प्युटरवर ओडिन नावाच्या प्रोग्रॅमने होते. कंपनीने तो ग्राहकांसाठी कधी अधिकृतपणे काढलेला नाही, तरी दुरुस्तीच्या बाजारात तोच चालतो. फर्मवेअरच्या गठ्ठ्यात बीएल, एपी, सीपी (सिमकार्डाच्या मॉडेलला), सीएससी अशा फाइली असतात, आणि त्यांच्या जोडीला आणखी एक, होम सीएससी. सीएससीच्या खान्यात साधी सीएससी घातली तर मालकाचा कप्पा पुसला जातो. होम सीएससी घातली तर तो तसाच राहतो. बाकी सारे काम सारखेच. मॉडेल नंबर तंतोतंत जुळवणे, री-पार्टिशनच्या खुणेला हात न लावणे, 'पास' हा शब्द दिसेपर्यंत केबल न हलवणे, हे तर शागिर्दालाही ठाऊक असते.

आयपॅडचेही तसेच. रिकव्हरी मोडमध्ये तो कॉम्प्युटरला जोडला की समोर दोन बटणे येतात, 'अपडेट' आणि 'रिस्टोअर'. पहिले बटण मजकूर न पुसता सॉफ्टवेअर पुन्हा भरण्याचा प्रयत्न करते, दुसरे सारे साफ करते. इंटरनेट मंद असेल आणि फाइल उतरायला पंधरा मिनिटांहून जास्त लागली तर आयपॅड त्या मोडमधून बाहेर पडतो. पुष्कळजण तेवढ्यावरून 'अपडेट होत नाही' असे ठरवून टाकतात. वास्तविक फाइल पूर्ण उतरू द्यावी आणि मग पुन्हा जोडावा.

मीडियाटेक चिपच्या स्वस्त टॅब्लेटमध्ये धोका याहून मोठा. तिथे 'डाउनलोड ओन्ली' सोडून 'फॉरमॅट ऑल' निवडले तर मजकुरासोबत आयएमईआय नंबरही उडू शकतो. मग कोणीतरी तो हाताने बसवायला जातो. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात या नंबरात फेरफार करण्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. तीनशे रुपयांच्या कामासाठी ही जोखीम घेणाऱ्यांना काय म्हणावे!

मग कारागीर पुसून मोकळा का होतो? अज्ञान थोडे, हिशेब जास्त. पुसले की टॅब्लेट बहुतेक चालू होतोच, गिऱ्हाईक परत येत नाही. मजकूर राखून केले आणि जुना बिघाड राहिला, तर त्याच पैशांत दुसऱ्यांदा बसावे लागते. आम्ही त्याला सरसकट दोष देत नाही. मजकूर राखण्याच्या प्रयत्नाचा दर व्यापाऱ्याने वेगळा द्यावा, तो फसला तरी द्यावा, आणि पुसण्याआधी कारागिराने मालकाचा होकार चिठ्ठीवर लिहून घ्यावा. होम सीएससीने दरवेळी काम होतेच असे नाही, हेही त्याने आधीच सांगावे. एकदा पुसल्यावर मात्र इलाज नाही. आजच्या टॅब्लेटमधला मजकूर कुलूपबंद लिपीत असतो आणि पुसताना त्याची किल्लीच नष्ट होते. 'रिकव्हरी करून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत.

आता आमच्या त्या व्यापारी मित्राविषयी. कागदी वही त्याने दोन वर्षांपूर्वी माळ्यावर टाकली, आणि टॅब्लेटमधल्या हिशेबाची दुसरी प्रत एकदाही काढली नाही. आठवड्यातून एकदा पेनड्राइव्हवर उतरवायला दहा मिनिटेही लागली नसती. हे आम्ही त्याला तोंडावर सांगितले, आणि त्याला ते आवडले नाही. सध्या तो बिलबुकांच्या स्थळप्रती काढून उधारी पुन्हा लिहितो आहे. काही गिऱ्हाइके आपणहून येऊन आकडा सांगून गेली. मोठ्या आकड्यांची अजून यायची आहेत.