आईची फाईल आईला वाचता येत नाही

वाचकहो, मराठीला गोव्यात राजभाषेचा मान मिळावा असे मानणाऱ्यांपैकी मी एक. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणीला राजभाषा केले आणि सरकारी कामात मराठी वापरायची मुभा ठेवली. मुभा म्हणजे हक्क नव्हे, यावर मी मित्रांशी तावातावाने भांडलेलो आहे. पण गेल्या श्रावणात माझ्याच घरात असे काही घडले की ते भांडण घशाशी आले. तेच आज सांगतो. कोणाला झोंबले तर आधी मला झोंबले आहे, हे लक्षात ठेवावे.

माझी आई ७४ वर्षांची. १९६१ साली गोवा मुक्त झाला तेव्हा ती दहाएक वर्षांची होती. मुक्तीनंतर गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. त्यातल्या एकीत ती चौथीपर्यंत शिकली. बोलते कोकणीत, वाचते मराठीत, आपल्याकडच्या हजारो बायांसारखी. दुपारी चष्मा लावून पेपर वाचते, तो निधनवार्तांपासून जाहिरातींपर्यंत. श्रावणात शिवलीलामृत वाचते. म्हणजे बाई चांगली साक्षर आहे.

तिला मधुमेह आहे, प्रेशर आहे. गोळ्या ती रंगावरून ओळखते. हिरवी साखरेची, गुलाबी प्रेशरची. पाकिटावरचे इंग्रजी तिच्या दृष्टीने नक्षीकाम. एकदा फार्मसीत नेहमीच्या कंपनीची गोळी नव्हती म्हणून मी दुसऱ्या कंपनीची आणली. ती पांढरी होती. त्या रात्री आई पाकीट घेऊन माझ्याकडे आली.

"ही गुळी कित्याक रे?"

मी मोबाईलमध्ये डोके घालून बसलो होतो. मान वर न करता म्हणालो, "शुगराची. घे."

वाचकहो, मी खोटे काहीच बोललो नव्हतो! गोळी साखरेचीच होती. पण जुन्या हिरव्या गोळ्या अजून आठ-दहा शिल्लक होत्या. फुकट घालवणे तिच्या रक्तात नाही. तिने समजून घेतले की साखर वाढली असेल, डॉक्टरने आणखी एक दिली असेल. ती दोन्ही घेऊ लागली. त्यात सोमवार आला. उपास. दोन गोळ्या पोटात आणि अन्न म्हणाल तर दोन केळी. दुपारी माझ्या पत्नीला ती सोप्यावर घामाने भिजलेली सापडली. हात थरथरत होते, बोलणे असंबद्ध. पत्नीने प्रसंगावधान राखून साखरपाणी पाजले आणि १०८ ला फोन केला. दोन दिवस इस्पितळात काढून आई घरी आली. उशीर झाला असता तर काय, हे लिहायचा मला धीर नाही.

तिथल्या डॉक्टरने दोन्ही पाकिटे शेजारी शेजारी ठेवून दाखवली. दोन्हींवर बारीक अक्षरात एकच नाव, ग्लिमेपिराइड. वरचे मोठे नाव तेवढे वेगळे. हे त्याने मला इंग्रजीत समजावले. आई आमच्या दोघांच्या मधे खाटेवर बसून होती. कधी त्याच्या तोंडाकडे बघायची, कधी माझ्या. विषय तिच्या जिवाचा होता आणि तिला एक अक्षर कळत नव्हते. घरी जायच्या दिवशी हातात पडलेला कागदही इंग्रजीच.

सरकारने काही केले नाही असे नाही. डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव स्पष्ट, शक्यतो मोठ्या लिपीत लिहावे, असा नियम २०१६ साली आला. मोठ्या लिपीत, पण इंग्रजीच्या! १ ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० औषधांच्या वेष्टनांवर क्यूआर कोड आला. माझ्या आईकडे बटणांचा फोन आहे. आईबापांना पोसले नाही तर मुलांना जाब विचारणारा कायदा २००७ पासून आहे. औषध समजावून सांगितले नाही म्हणून कोण कोणाला जाब विचारणार?

आता नेहमीचे आक्षेप. वैद्यकशास्त्र इंग्रजीत आहे, म्हणतात. असू दे. आईला शास्त्र शिकायचे नाही. कोणती गोळी, किती, केव्हा, जेवणाआधी की नंतर आणि उपास असेल तर काय, एवढेच तिला हवे आहे. ते चार ओळींत मावते. दुसरे म्हणतात, म्हाताऱ्यांना सगळे सांगितले की ती घाबरतात. माझी आई न सांगितल्यामुळे मरणाच्या दारात गेली. तिसरा आक्षेप आपला लाडका : कागद कोकणीत द्यायचा की मराठीत? अहो, लिपी देवनागरीच ना? 'सकाळी १, जेवल्यावर' हे वाचताना कोणती म्हातारी भाषेचा वाद काढत बसणार आहे? ज्यांना रोमी लिपीची सवय आहे त्यांना रोमीत द्या. चाळीस वर्षे होत आली आपण एकमेकांशी भांडतो आहोत आणि तेवढ्या काळात आपल्या सगळ्यांच्या आयांच्या फायली निमूटपणे इंग्रजीत गेल्या.

आणि मी कोण मोठा शहाणा? मी सरकारी कारकून. खिडकीपलीकडे रोज म्हातारी माणसे येतात. समोर इंग्रजी अर्ज असतो. मी फुलीची खूण करतो, बोट ठेवतो आणि म्हणतो, "इथे सही करा." ती करतात. सुबक, वळणदार मराठी सही करतात. आपण कशावर सही केली हे त्यांना ठाऊक नसते आणि सांगायला मला वेळ नसतो. इस्पितळातून आल्यावर पहिल्या दिवशी एका आजोबांसाठी असेच बोट ठेवले, तेव्हा आईचा तो चेहरा आठवला. त्यांना अर्ज वाचून दाखवला. तीन मिनिटे लागली. रांगेतले कोणी ओरडले नाही.

म्हणून माझे सरळ म्हणणे असे. इस्पितळातून घरी पाठवताना रोग्याच्या लिपीत एक पान देणे सरकारने सक्तीचे करावे. त्यासाठी आपण निवेदने देऊ, जरूर देऊ. पण तोवर घरात कोणी अडवले आहे? मराठीसाठी व्यासपीठावर बसणाऱ्या किती जणांनी आईच्या औषधांची यादी मराठीत लिहून दिली आहे? मी एम.ए. नाही, साधा बी.ए., तोही मराठी घेऊन. मीही दिली नव्हती.

आता दिली आहे. शंभर पानी वही, मोठ्या अक्षरात. औषधाचे मूळ नाव, शेजारी गोळीचा रंग. पाकीट बदलले की आई आधी वही काढते आणि मला समोर बसवते. परवा माझीच चूक तिने पकडली. संध्याकाळची गोळी मी सकाळच्या रकान्यात लिहिली होती. म्हणाली, "मोबाईल पयस दवर आनी परत बरय."

मी मोबाईल बाजूला ठेवून ते पान पुन्हा लिहून काढले.